मालकाचा मॅनेजर, आपला क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संघ हरला की वाद मॅनेजरवरून सुरू होतो आणि चार वाक्यांत मालकापाशी पोचतो. ‘याला आणला कुणी?’ मी गेली वीस वर्षं लंडनच्या चेल्सी या फुटबॉल क्लबाचा चाहता आहे, त्यामुळे या वादात माझा बराच वेळ गेला आहे. पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मॅनेजर खरंच मालक निवडतो का?

शेवटची सही त्याची किंवा त्याने नेमलेल्या अध्यक्षाची असते. नाव मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी पुढे केलेलं असतं. आज मोठ्या क्लबांत स्पोर्टिंग डायरेक्टर असतो. तो यादी करतो, मुलाखती घेतो आणि दोन-तीन नावं वर पाठवतो. काही मालक त्या यादीवर विश्वास ठेवतात, काही ती बाजूला सारून मनातलं नाव आणतात.

म्हणून ‘मालकाची निवड चुकली’ म्हणण्याआधी एक चौकशी करावी: हे नाव यादीतून आलं की मालकाच्या मनातून? क्लब बाहेरून सारखे दिसले तरी इथे त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ब्रायटनचा मालक टोनी ब्लूम स्वतः त्या क्लबाचा जुना चाहता. २००९पासून क्लब त्याच्या हातात आहे आणि पुढचा मॅनेजर कोण याचा अभ्यास तिथे आधीचा मॅनेजर पदावर असतानाच चालू असतो.

मॅनेजर आणि हेड कोच यात फरक काय?

जुन्या इंग्लिश पद्धतीत मॅनेजर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. खेळाडू घ्यायचे कोण, विकायचे कोण, लहान मुलांच्या संघावर कुणाला नेमायचं, सगळं त्याच्या शब्दावर. हेड कोच फक्त मैदानावरचं बघतो. नेमणुकीच्या घोषणेत कोणता शब्द वापरलाय ते जरूर वाचा. हेड कोच म्हणून आणलेल्या माणसाला खेळाडूंच्या खरेदीवरून शिव्या देणं अन्यायाचं आहे, कारण ती खरेदी बहुधा त्याची नसतेच.

मालकाची निवड बरोबर की चूक, हे पहिल्या दिवशी ओळखता येतं का?

निकाल ओळखता येत नाही. निवडीमागे विचार आहे की नाही, हे मात्र बऱ्यापैकी ओळखता येतं. माझी कसोटी एकच आहे: नवा माणूस आधीच्या माणसाला कुठे जोडला जातो? आधीच्याने तयार केलेला संघ, त्याची खेळायची पद्धत आणि त्यासाठी विकत घेतलेले खेळाडू यांतलं किती नव्याच्या कामाचं आहे?

ब्रायटनचंच बघा. ग्रॅहम पॉटर २०१९ ते २०२२ तिथे होता. चेंडू पायात ठेवून, गोलकीपरपासून खेळ बांधत जाणारा संघ त्याने घडवला. तो चेल्सीला गेला तेव्हा ब्रायटनने रॉबेर्तो दे झेर्बीला आणलं. स्वभावाने तो पॉटरपेक्षा कितीतरी तापट, पण फुटबॉलची भाषा तीच. २०२४मध्ये तो गेल्यावर आला ३१ वर्षांचा फाबियन ह्युर्झेलर. प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या, इतिहासात कायमस्वरूपी नेमलेला हा सर्वांत तरुण हेड कोच. माणसं तीन, पण संघ एकदाही मुळापासून उपटावा लागला नाही.

उलट उदाहरण नॉटिंगहॅम फॉरेस्टचं. २०२४-२५च्या हंगामात नुनो एस्पिरितो सांतोने संघाला सातव्या क्रमांकावर नेलं. मागे दाटून बचाव करायचा आणि चेंडू मिळताच वाऱ्यासारखं पुढे पळायचं, हा त्यांचा खेळ. त्या जोरावर जवळजवळ तीस वर्षांनी फॉरेस्टला युरोपीय स्पर्धेत जागा मिळाली. सप्टेंबर २०२५मध्ये मालक इव्हांजेलोस मारिनाकिस आणि नुनो यांचं फाटलं आणि त्याची उचलबांगडी झाली. इथवर एक वेळ समजू शकतो. माणसांचं पटत नाही कधीकधी. पण त्याच्या जागी आणला आंजे पोस्टेकोग्लू, म्हणजे बचावफळी मध्यरेषेजवळ नेऊन खेळणारा माणूस. खेळाडू नुनोचे, पद्धत नेमकी उलटी, आणि हंगाम सुरू झालेला. आठ सामन्यांत एकही विजय नाही. चेल्सीकडून घरच्या मैदानावर ०-३ हरल्यावर शेवटची शिट्टी वाजून काही मिनिटं होताहेत तोवर त्याच्या हाती नारळ. एकूण ३९ दिवस. पोस्टेकोग्लू वाईट मॅनेजर आहे असं मी म्हणणार नाही. त्या संघासाठी, त्या महिन्यात तो चुकीचा होता, आणि ते नेमणुकीच्या दिवशीच दिसत होतं.

मग चेल्सीचा आधीचा मालक अब्रामोविच, त्याचं काय? तो तर कपडे बदलावेत तसे मॅनेजर बदलायचा, तरी करंडक आलेच ना?

आले. २००३ ते २०२२ या काळात २१ करंडक: पाच लीग विजेतेपदं, पाच एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा), दोन चॅम्पियन्स लीग (युरोपातली क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) आणि बाकीचे. ‘मालकाने संयम ठेवायलाच हवा’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला या आकड्याला तोंड द्यावं लागतं, मलाही.

१९ मे २०१२ची रात्र मी विसरू शकत नाही. चॅम्पियन्स लीगची फायनल, म्युनिक, प्रतिस्पर्धी बायर्नचं स्वतःचं मैदान. ८३व्या मिनिटाला म्युलरचा गोल आणि सगळं संपल्यासारखं वाटलं. ८८व्या मिनिटाला कॉर्नर, द्रोग्बा धावत आला आणि त्याचं हेडर जाळ्यात. जादा वेळेत रॉबेनची पेनल्टी चेकने अडवली, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटचा निर्णायक फटकाही द्रोग्बाचाच. कडेला उभा होता रॉबेर्तो दी मातेओ. मार्चमध्ये व्हिलास-बोआसला काढल्यावर तात्पुरता आणलेला सहायक. त्याने एफए कपही जिंकून दिला होता आणि आता युरोप जिंकला. सहाच महिन्यांनी, युव्हेंटसकडून ०-३ हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

मग जिंकत कसे होतो? मी यावर खूप विचार केला आहे. त्या मैदानावर कोण कोण होतं ते आठवा: चेक, अ‍ॅशली कोल, लॅम्पार्ड, द्रोग्बा. निलंबित टेरी बाहेर बसलेला. यातले बहुतेक मॅनेजर जोसे मोरिन्योच्या चेल्सीतल्या पहिल्या कारकिर्दीपासूनचे. मॅनेजर येत-जात राहिले तरी संघाचा कणा सात-आठ वर्षं तोच होता. सातत्य ज्या खुर्चीत आपण शोधत होतो तिथे ते नव्हतंच, ते ड्रेसिंग रूममध्ये होतं. वर पैशाचा अखंड ओघ होताच. कणा नसलेल्या क्लबाने अब्रामोविचची नक्कल केली तर हाती फक्त धरसोड लागते.

त्याच चेल्सीत २०२२नंतर काय बिनसलं?

नव्या मालकांनी दोन्ही टोकं एकदमच सोडली. पहिल्याच हंगामात ५० कोटी पौंडांहून जास्त खर्चून नवे खेळाडू आणले आणि त्याच वेळी मॅनेजरही बदलत राहिले. सप्टेंबर २०२२मध्ये मॅनेजर तुखेलला काढलं. सव्वा वर्षापूर्वी चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा माणूस. पॉटरला ब्रायटनकडून सोडवून आणायला २ कोटी पौंडांच्या वर मोजले आणि सात महिनेही न ठेवता एप्रिलमध्ये त्यालाही निरोप दिला. उरलेल्या सामन्यांसाठी लॅम्पार्ड तात्पुरता मॅनेजर म्हणून परत आला. संघ बाराव्या क्रमांकावर राहिला. ड्रेसिंग रूममध्ये इतकी गर्दी की कुणाला कुणाची ओळख नाही, आणि शिकवायला दर काही महिन्यांनी नवा माणूस. पॉटरची निवड मला तेव्हाही पटली होती आणि आजही चुकीची वाटत नाही. आपण आणलेल्या माणसाला उभं राहायला जमीन द्यायची असते, ती मालकांनी दिली नाही.

पण मॅनेजर बदलला की संघ जिंकायला लागतो, हे तर डोळ्यांनी दिसतं!

दिसतं खरं. पण हकालपट्टी होते कधी? संघ सर्वांत खोल खड्ड्यात असताना. त्यात नशिबाचा भागही मोठा असतो: खांबाला लागलेले फटके, जखमी खेळाडू, लागोपाठचे अवघड सामने. तिथून काहीही न करता थोडं वर येणं ओघानेच होतं. १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचा अभ्यास अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी केला, त्यात हेच दिसलं. पडझडीनंतर मॅनेजर काढणारे संघ सावरले, आणि न काढणारेही सावरले.

याचा अर्थ कधीच काढू नये असा नाही. खेळाडूंचं मन उठलं असेल तर थांबण्यात काही हशील नसतं. पण पहिल्या दोन विजयांवरून मालकाला डोक्यावर घेऊ नका.

आपल्या पुण्याच्या मालकांनी ब्लॅकबर्नमध्ये नेमकं काय केलं? इतका राग का?

हा प्रश्न मराठी चाहत्यांमध्ये हमखास निघतो, आणि उत्तर ऐकायला सुखाचं नाही.

ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं गिरण्यांचं जुनं गाव. तिथल्याच पोलाद व्यापारात मोठा झालेला जॅक वॉकर क्लबाचा मालक झाला, त्याने केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं आणि १९९५मध्ये एवढ्याशा गावाचा संघ इंग्लंडचा विजेता झाला. मालक कसा असावा, याचं मोजमाप तिथल्या लोकांच्या मनात वॉकरपासून पक्कं आहे.

नोव्हेंबर २०१०मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने हा क्लब घेतला. महिनाभरात, १३ डिसेंबरला सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. अ‍ॅलरडाइसचा खेळ देखणा नसेल, पण संघाला लीगमध्ये टिकवून ठेवण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. त्याच्या जागी बसवला पहिल्या संघाचा कोच स्टीव्ह कीन. मॅनेजर म्हणून ही त्याची पहिलीच नोकरी. संघाची घसरगुंडी सुरू झाली, चाहते आठवड्यामागून आठवडे निदर्शनं करत राहिले, आणि मालक कीनच्या पाठीशी उभे राहिले. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच: घाई केली ती नको तिथे, आणि संयम दाखवला तोही नको तिथे.

७ मे २०१२. ब्लॅकबर्नचं मैदान इवूड पार्क, विगनविरुद्ध सामना. हरलं तर अकरा वर्षांनी प्रीमियर लीगमधून बाहेर. सामना चालू असताना कुणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा कुक्कुटपालनाचा धंदा, हा निरोप सगळ्यांनाच कळला. ८७व्या मिनिटाला विगनच्या अल्काराझने कॉर्नरवर गोल केला आणि ब्लॅकबर्न खाली गेलं.

पुढच्या हंगामात कीनने राजीनामा दिला. मग हेनिंग बर्ग आला, ५७ दिवस टिकला. मग मायकल अ‍ॅपलटन, ६७ दिवस. हे बर्गचं किंवा अ‍ॅपलटनचं अपयश म्हणता येत नाही. दोन महिन्यांत कुणाचीही परीक्षा होत नसते. २०१७मध्ये संघ तिसऱ्या पातळीवर उतरला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तोटा होत असताना मालक वर्षानुवर्षं पैसे घालत राहिले, क्लब बंद पडू दिला नाही. आणि टोनी मोब्रेला त्यांनी २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षं दिली. त्याने एका वर्षात संघ पुन्हा वर आणला. म्हणजे संयम त्यांना जमत नव्हता असं नाही. सुरुवातीला फुटबॉलमधलं कळणारा, खरं तोंडावर सांगणारा माणूस त्यांच्याजवळ असता तर कदाचित वेगळं घडलं असतं. हजारो मैलांवरून क्लब चालवताना त्या एका माणसाची निवड मॅनेजरच्या निवडीहूनही मोठी ठरते.

चाहते चुकतात का?

चुकतात, आणि चांगलेच चुकतात. १९९६मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पसहून आर्सेन व्हेंगर आर्सेनलमध्ये आला तेव्हा ‘हा आर्सेन कोण?’ अशा अर्थाचा मथळा लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आला होता. पहिल्या पूर्ण हंगामात त्याने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २०१५मध्ये लेस्टरने क्लॉदिओ रानिएरीला नेमलं. आदल्या वर्षी ग्रीसचा संघ घेऊन तो फेरो बेटांकडून हरलेला. लेस्टरचा जुना खेळाडू गॅरी लिनेकरनेही उघड आश्चर्य व्यक्त केलं. लेस्टरच्या विजेतेपदावर सट्टेबाजांचा भाव ५००० ला १ होता, आणि मे २०१६मध्ये लेस्टर विजेता होता.

मला मात्र साउथॅम्प्टनचा दाखला अधिक शिकवणारा वाटतो. नायजेल ॲडकिन्सने लागोपाठ दोन वर्षं बढती मिळवून संघ तिसऱ्या पातळीवरून प्रीमियर लीगमध्ये आणला होता. जानेवारी २०१३मध्ये चेल्सीच्या मैदानावर ०-२ने मागे पडूनही त्याच्या संघाने २-२ बरोबरी साधली. त्याच आठवड्यात कार्यकारी अध्यक्ष निकोला कोर्तेसे यांनी त्याला काढलं आणि त्याच दिवशी मॉरिसिओ पोचेत्तिनोला समोर आणलं. दुभाष्या घेऊन बोलणारा, इंग्लंडमध्ये फारसा कुणाला ठाऊक नसलेला अर्जेंटिनाचा माणूस. चाहते खवळले, आणि त्यांचं खवळणं योग्यच होतं. ॲडकिन्सला मिळालेली वागणूक हीनच होती. पण पुढच्या हंगामात संघ आठवा आला, तोही इतका सुंदर खेळून की टॉटनहॅमने पोचेत्तिनोला पळवलं. वागणूक वाईट आणि निवड उत्तम, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्या वादात आपण यातलं एकच धरून बसतो.

मँचेस्टर युनायटेडने अ‍ॅलेक्स फर्ग्युसनला वेळ दिला होता, मग आमच्या मॅनेजरला का नाही?

नोव्हेंबर १९८६मध्ये नेमणूक, पहिला करंडक १९९०मध्ये, पहिली लीग १९९३मध्ये. १९८९च्या हिवाळ्यात तर तीन वर्षांच्या सबबी पुरे झाल्या अशा अर्थाचा फलक क्लबाच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर झळकला होता. तरी क्लबाने त्याला ठेवलं. पण नुसतं आशेवर नाही. मुलांचे संघ, खेळाडू हेरणारी माणसं, शिस्त, हे सगळं तो खालून नव्याने बांधत होता आणि संचालकांना ते दिसत होतं. तुमच्या मॅनेजरच्या बाजूने फर्ग्युसनचं नाव घ्यायचं तर तो काय बांधतोय ते दाखवता आलं पाहिजे.

करंडक जिंकल्यावरही मॅनेजरला काढणं योग्य आहे का?

टॉटनहॅमने २१ मे २०२५ला बिल्बाओमध्ये युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकली. २००८नंतरचा पहिला करंडक. सोळा दिवसांनी पोस्टेकोग्लूला निरोप. त्याच हंगामात लीगमध्ये २२ पराभव आणि सतरावा क्रमांक, हेही तितकंच खरं. चाहत्यांची सरळ दोन शकलं झाली.

मी काढलं नसतं. सतरा वर्षं लोक ज्या एका संध्याकाळची वाट बघत होते ती त्याने दिली होती, आणि त्या विश्वासावर पुढचा हंगाम सुरू करायचा हक्क त्याने कमावला होता. समोरच्या बाजूच्या युक्तिवादात दम आहे, हे मान्य करूनही.

क्लबाच्या जुन्या लाडक्या खेळाडूला मॅनेजर करावं का?

मालकांचा हा आवडता मार्ग, कारण पहिले काही महिने कुणी ओरडत नाही. ग्वार्दिओला बार्सिलोनात आला तो राखीव संघाला वर्षभर शिकवून. २००९मध्ये तिन्ही मोठे करंडक. पिर्लोला युव्हेंटसने २०२०मध्ये कोणताही अनुभव नसताना थेट पहिल्या संघावर बसवलं, वर्षभरात गेला. प्रेम दोघांवरही सारखंच होतं.

चाहत्यांना या निवडीत मत असतं का?

देशागणिक वेगळं. जर्मनीत ५०+१ नियमामुळे मोजके अपवाद सोडले तर मतांचं बहुमत सभासदांच्या क्लबाकडेच राहतं. स्पेनमध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाचे सभासद अध्यक्ष निवडतात. तरी मॅनेजर मतदानाने ठरत नाही, आणि ठरू नयेच. मे २००८मध्ये बार्सिलोनाचा तेव्हाचा अध्यक्ष लापोर्ता याने ग्वार्दिओलाला नेमलं. जुलैत सभासदांनी लापोर्ताविरुद्धच अविश्वास ठराव आणला आणि सुमारे ६० टक्के मतं विरोधात पडली. दोन तृतीयांश लागत होती म्हणून तो वाचला.

इंग्लंडमध्ये २०२५च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आणला. क्लबाचं चिन्ह, घरच्या पोशाखाचे रंग, मैदान हलवणं अशा वारशाच्या गोष्टींत चाहत्यांचं ऐकणं क्लबांवर बंधनकारक होत आहे. मॅनेजरची निवड मालकाकडेच राहते. मला एवढंच हवं आहे की नेमणुकीनंतर मालकाने किंवा स्पोर्टिंग डायरेक्टरने समोर येऊन हाच माणूस का, ते दहा मिनिटं सांगावं. बहुतेक मालक तेवढंही करत नाहीत, आणि अर्ध्याहून अधिक राग त्या मौनातून येतो.

नको असलेला मॅनेजर आला तर मैदानात निषेध करावा का?

करावा, पण रोख कुणावर हे स्पष्ट असावं. दी मातेओला काढून चेल्सीने राफा बेनीतेझला आणलं. लिव्हरपूलमध्ये असताना त्याने चेल्सीच्या चाहत्यांना डिवचलेलं, त्यामुळे २५ नोव्हेंबर २०१२ला चेल्सीचा मॅनेजर म्हणून तो घरच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर, पहिल्यांदा आला तेव्हा हुर्योने मैदान दणाणलं. मग सोळावं मिनिट आलं. दी मातेओ खेळायचा तेव्हा त्याचा शर्ट १६ नंबरचा होता. लोक टाळ्या वाजवू लागले, त्याच्या नावाचं गाणं सुरू झालं. पुढच्या सामन्यांतही सोळाव्या मिनिटाला ते होत राहिलं. त्यात कुणाला शिवी नव्हती आणि मालकाला जे कळायचं ते नेमकं कळत होतं.

बेनीतेझच्या वाट्याला आलेली हुर्यो मात्र मला आज पटत नाही, जरी तेव्हा मीही मनातून हुर्यो करणाऱ्यांत होतो. त्याला बोलावलं मालकाने, तो आला आणि काम करत राहिला. संघ लीगमध्ये तिसरा आला. १५ मे २०१३ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये बेनफिकाविरुद्ध भरपाईच्या वेळेत इव्हानोविचने कॉर्नरवर हेडर मारलं आणि युरोपा लीगही आली. त्या रात्री उड्या मारणाऱ्यांत सोळाव्या मिनिटाला गाणारेही होतेच.